हिरड्याच्या मागोव्यानें : लेह ते उलानबातर

औषधाचें नांव सारखें असलें म्हणजे औषधहि सारखेंच असतें, अशी माझी साठ वर्षांची समजूत होती. तिला पहिला धक्का कलकत्त्यास बसला. आमच्या सौभाग्यवतीस गुडघ्यांचा संधिवात आहे, आणि गांवच्या वैद्यांच्या रास्नेच्या काढ्यानें तिला पुष्कळ उतार पडत असे. चिरंजिवांच्या बदलीमुळें आम्हीं एक हिंवाळा कलकत्त्यास काढला. बरोबर नेलेली पुडी संपली, तेव्हां मीं तेथील दुकानांतून रास्ना आणली व घरींच काढा करविला. पहिल्या घोटासरशी ती म्हणाली, “अहो, हा आपला काढा नव्हे. चवच निराळी आहे.” मी कोश उघडून रास्ना शब्दाचे पर्याय वाचून दाखवूं लागलों. तिनें ते निमूटपणें ऐकून घेतले आणि काढाहि घेतला. पण पंधरा दिवसांत गुडघे जे धरले ते धरलेच.

पुढें चौकशी करतां कळलें कीं, बंगालांत रास्ना म्हणून झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका आमरीचीं मुळें देतात. उत्तरेकडे त्याच नांवानें एका रानझुडपाचा पाला विकतात. आणि दक्षिणेंत कोळिंजनाच्या गड्ड्यांस रास्ना म्हणतात. नांव एक आणि वस्तु तीन! मग खरी रास्ना कोणती? आणि भलती वस्तु पोटांत गेल्यामुळें ज्याचें दुखणें लांबलें, त्यानें जाब कोणास विचारावा? जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्न स्वस्थ बसूं देईना. त्याचें उत्तर मला महाराष्ट्रांत मिळालें नाहीं. त्याचा पहिला धागा लेह येथें सांपडला व दुसरा थेट मंगोलियांत.

लेह हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फूट उंच आहे. तेथें उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतें पडून राहावें लागतें. चार पायऱ्या चढल्या तरी छाती भरून येते. चहूंकडे उघडे, तांबूस-करडे डोंगर, आणि पाण्याच्या कडेनें तेवढी हिरवी रेघ. अशा ठिकाणीं वनस्पतींवर उभारलेलें वैद्यक असेल, असें प्रथम खरेंच वाटत नाहीं. पण तें आहे, व चांगलें जोमांत आहे. त्यास सोवा-रिग्पा म्हणतात. भारत सरकारनें २०१० साली कायद्यांत दुरुस्ती करून आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या पंक्तीस त्याला बसविलें, आणि २०१९ साली लेह येथें त्याची राष्ट्रीय संस्था काढण्यास मंत्रिमंडळानें संमति दिली.

तेथील वैद्यास आमची म्हणतात. हा शब्द तिबेटी असावा असें मला वाटलें होतें. तो निघाला मंगोल. मंगोल भाषेंत ‘एम्’ म्हणजे औषध, आणि तें देणारा तो ‘एम्‌ची’. हिमालयांतील वैद्यानें आपलें बिरुद गोबीच्या वाळवंटापलीकडून आणावें, याची मला मौज वाटली. परंतु खरी मौज पुढेंच होती.

ज्या वृद्ध आमचींच्या घरीं आम्ही गेलों, त्यांनीं आमच्यापुढें तीन वाट्या मांडल्या आणि बोट ठेवून नांवें सांगितलीं : “अरुरा, बरुरा, क्युरुरा.” मी वाकून पाहतों तों हिरडा, बेहडा आणि आंवळकाठी! आमचा त्रिफळाच तो. ज्या हिरड्याला आपल्या पूर्वजांनीं आईच्या जागीं बसविलें, तो येथें भैषज्यगुरु बुद्धाच्या हातीं शोभतो. मठांतील निळ्या अंगाच्या त्या मूर्तीच्या उजव्या हातांत हिरड्याची डहाळी असते. सौभाग्यवतीनें एक तुकडा जिभेवर ठेवला आणि मान डोलावली. माहेरचें माणूस परमुलुखांत भेटावें, तसा तिचा चेहरा झाला.

हें साम्य योगायोगाचें नव्हे. लडाखांत ज्याचें नांव आजहि आदरानें घेतात, तो महान् अनुवादक रिन्चेन झांगपो (इ. स. ९५८ ते १०५५) काश्मीरांत जाऊन संस्कृत शिकला, आणि त्यानें वाग्भटाचें ‘अष्टांगहृदय’ चंद्रनंदनाच्या ‘पदार्थचंद्रिका’ टीकेसह तिबेटी भाषेंत आणलें. त्याच अष्टांगहृदयावर पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीनें, म्हणजे आपल्या हेमाडपंतानें, ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. एकाच ग्रंथाची एक वाट सह्याद्रीकडे आली आणि दुसरी हिमालय ओलांडून गेली. वात, पित्त व कफ हे तिकडे लुंग, टीपा व बेकेन झाले.

तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ म्हणजे बाराव्या शतकांत युथोक योन्तेन गोन्पो यानें सिद्ध केलेलीं ‘चार तंत्रें’. त्यांचे अध्याय १५६. आरंभींच सुदर्शन नांवाच्या औषधीनगरीचें वर्णन आहे. तिच्या दक्षिणेस विंध्य, उत्तरेस हिमवान्, पूर्वेस गंधमादन आणि पश्चिमेस मलय. विंध्यावर उष्णवीर्य औषधी, हिमवानावर शीतवीर्य, गंधमादनावर हिरड्यांचें वन, आणि मलयावर जायफळ, लवंग, केशर, वेलदोडा इत्यादि सहा उत्तम द्रव्यें. आपल्याला विंध्य उत्तरेस. त्यांना तो दक्षिणेस. तेवढ्यानेंच मी चमकलों. त्यांतून हिमवानावर उगवणाऱ्या द्रव्यांत चंदन, कापूर आणि कडुनिंब यांचीं नांवें! चंदन आणि कडुनिंब बर्फांत कोठून येणार? मीं आमचींना ही शंका विचारली. ते हंसून म्हणाले, “मास्तरजी, हा मोजणीदाराचा नकाशा नव्हे, हा गुणांचा नकाशा आहे. जें थंड, तें बर्फाच्या डोंगरावर मांडलें.” पुस्तकांत चाळीस वर्षें घालवून मला जें सुचलें नसतें, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें.

मग त्यांनीं दुसरी एक पुडी सोडली. आंत सुकलेलीं निळसर फुलें होतीं. “हें उत्पल,” ते म्हणाले. उत्पल म्हणजे कमळ, हें मीं किती पिढ्यांना घोकून घेतलें असेल! पण तीं फुलें कमळाचीं नव्हतीं. उंच खडकांच्या कपारींत फुलणाऱ्या निळ्या खसखशीच्या जातीचीं होतीं. ग्रंथ संस्कृतांतून आला, त्याच्याबरोबर उत्पल हें नांवहि आलें. पण नीलकमळाचें पाणी कांहीं बरोबर आलें नाहीं. तेव्हां त्या नांवाखालीं डोंगरांतील निळें फूल बसलें, आणि शेंकडो वर्षें तें तेथें आहे.

‘तिक्ता’ची कथा याहून बोधप्रद आहे. आपलें काडेचिराईत, संस्कृतांतील किराततिक्त, तिबेटांत ‘तिग्-ता’ या नांवानें गेलें. परंतु तेथील वैद्यांनीं एक शहाणपण केलें. त्यांनीं नांवापुढें देश जोडला. ग्य-तिग् म्हणजे हिंदुस्थानचें तिक्त, बल-तिग् म्हणजे नेपाळचें आणि बोद-तिग् म्हणजे तिबेटचें. पहिलें तें खरें काडेचिराईत. दुसरें त्याच्याच कुळांतलें. आणि तिसऱ्यांत तिबेटच्या माळांवरील कित्येक निरनिराळ्या कडू वनस्पति येतात. त्यांतहि पुन्हां सोन्याचें तिक्त, रुप्याचें तिक्त, तांब्याचें तिक्त असे पोटभेद आहेत. मंगोलियाच्या बाजूस गेलें म्हणजे ‘दिग्दा’ या नांवाखालीं त्याच वर्गांतलें पण निराळें असें गवताळ रानांतलें झुडूप येतें. चारहि कडू, चारहि पित्तावर देण्याचीं, आणि चारहि भिन्न.

यावर हंसण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. संस्कृतांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठींत आलें तेव्हां कटूचेंच ‘कडू’ झालें आणि अर्थ फिरला. त्यामुळें नवशिके विद्यार्थी ‘त्रिकटु’ म्हणजे तीन कडू पदार्थ समजतात, आणि त्यांत सुंठ, मिरीं व पिंपळी निघालीं म्हणजे गोंधळतात. शब्द घर बदलतो तेव्हां सगळें सामान बरोबर नेत नाहीं, हेंच खरें.

लेहच्या विमानतळास कुशोक बकुला रिंपोचे यांचें नांव आहे. हे लडाखी सत्पुरुष १९९० ते २००० पर्यंत मंगोलियांत भारताचे राजदूत होते. पुढच्या उन्हाळ्यांत चिरंजीव कामानिमित्त उलानबातर येथें राहावयास गेला आणि त्यानें आम्हां दोघांना बोलावून घेतलें, तेव्हां त्या नांवाची मला आठवण झाली. ज्या वाटेनें लडाखचा एक माणूस गेला, त्याच वाटेनें हिरडा कसा गेला तें पाहावें, असें मनांत आलें.

उलानबातर ही जगांतील अतिशय थंड अशी राजधानी आहे. गंदान मठांत अवलोकितेश्वराची जी प्रचंड उभी मूर्ति आहे, ती साडेसव्वीस मीटर उंच. मूळ मूर्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं मंगोलियाच्या बोग्द खानानें आपली दृष्टि परत यावी म्हणून उभारविली होती. पुढें १९३७-३८ च्या सुमारास त्या देशांत मठांचा विध्वंस झाला, हजारों लामा मारले गेले, आणि ती मूर्तिहि उतरवून नेण्यांत आली. आजची मूर्ति १९९६ सालची. तिच्या पोटांत ग्रंथ आणि मंत्रांच्या गुंडाळ्यांबरोबर सत्तावीस टन औषधी वनस्पति भरल्या आहेत असें सांगतात. डोळ्यांसाठीं केलेल्या नवसाची मूर्ति आणि तिच्या उदरांत औषधें! तिच्यापुढें उभें राहिलें असतां देवळांत आहों कीं औषधालयांत, असा क्षणभर भ्रम होतो.

मंगोल लोकांत हें वैद्यक रुजलें तें सोळाव्या शतकानंतर. अल्तान खान व तिसरे दलाई लामा यांची भेट १५७८ साली झाली. तिबेटी धर्माबरोबर तिबेटी वैद्यहि गवताळ मुलुखांत गेले. वैद्यकाचें शिक्षण देणाऱ्या मठशाळांस तेथें ‘मान्बा दत्सान’ म्हणतात. वात, पित्त, कफ हे तेथें खी, शार आणि बदगान झाले. शेवटच्या शब्दांत तिबेटी बेकेन ऐकूं येतो, पण पहिल्या दोहोंस त्यांनीं आपले शब्द दिले. शार म्हणजे नुसतें पिवळें. औषधि झऱ्यास तेथें ‘रशान’ म्हणतात. हा आपल्या रसायन शब्दाचाच वंशज. घोडीचें आंबविलेलें दूध जें ‘ऐराग’, तेंहि तेथें औषध म्हणून योजतात. असें अनुपान वाग्भटास कोठून ठाऊक असणार!

एका दवाखान्यांत आम्हांला एक वृद्ध वैद्य भेटले. त्यांचे आजोबा लामा होते. पोथ्या गेल्या, मठ गेला. पण आजोबांनीं नातवाला रानांत नेऊन एकेक पान चाखावयास लावलें होतें, तेवढी विद्या राहिली. १९९० साली देश मोकळा झाल्यावर ते उघडपणें वैद्यकी करूं लागले. दुभाष्यामार्फत मीं त्यांना त्रिफळ्याविषयीं विचारलें. त्यांनीं कपाटांतून चीनच्या ताब्यांतील अंतर्मंगोलियांत तयार झालेली एक पुडी काढून पुढें ठेवली. तीन फळांचेंच चूर्ण तें. नांवेंहि तींच : अरुरा, बरुरा, जुरुरा.

मीं उत्साहानें पुडी सौभाग्यवतीच्या हातीं दिली. तिनें चिमूटभर जिभेवर टाकलें आणि कलकत्त्यास केला होता तोच चेहरा केला. “यांत आंवळा नाहीं,” ती म्हणाली.

दुभाष्यानें तें सांगितल्यावर ते वैद्य मोठ्यानें हंसले आणि त्यांनीं तिला वांकून नमस्कार केला. खरोखरच त्यांत आंवळा नव्हता, बेहडाहि नव्हता. अंतर्मंगोलियांत अरुरा म्हणजे हिरडाच. पण बरुरा या नांवाखालीं आपल्या बकाणनिंबाच्या जातीचें एक चिनी फळ घालतात, आणि जुरुरा म्हणून अनंताचें फळ! तोच अनंत, ज्याचीं पांढरीं सुगंधी फुलें आपण देवाला वाहतों. आपल्या परसांतल्या दुहेरी पाकळ्यांच्या अनंतास फळ धरत नाहीं, म्हणून त्याचें फळ आपल्याला ठाऊक नसतें. एकेरी अनंताचें फळ नारिंगी असून त्याचा पिवळा रंग निघतो, आणि चव कडवट असते. बेहडा व आंवळा उष्ण मुलुखांतलीं झाडें. गवताळ रानांत तीं कोठून येणार? चीनच्या बाजारांत हीं दोन फळें सहज मिळतात. नांवें संस्कृत-तिबेटी राहिलीं, आणि तीन भावांपैकीं दोघांच्या जागीं दुसरेच येऊन बसले.

“मग हा त्रिफळा खोटा?” मीं विचारलें.

ते म्हणाले, “तुम्हीं तो कशासाठीं घेतां, त्यावर आहे. आमच्याकडे हें चूर्ण रक्ताच्या आणि पित्ताच्या उष्णतेवर देतात. तीं दोन्ही फळें कडू आणि थंड आहेत. त्या कामास चालतात. पण तुमच्या घरचीं माणसें रोज रात्रीं रसायन म्हणून जें घेतात, त्या जागीं हें द्याल तर चूक होईल. बकाणाच्या जातीचें फळ रोज खाण्याचें नव्हे. नांवाच्या जागीं नांव बसतें, कामाच्या जागीं काम बसलें पाहिजे.”

हें ऐकून मला आपला ‘भावप्रकाश’ आठवला. सोळाव्या शतकांतील त्या ग्रंथांत प्रतिनिधि-द्रव्यांची यादीच दिली आहे. हिमालयांतील अष्टवर्ग मिळत नसेल तर मेदा-महामेदांच्या ऐवजीं शतावरी, जीवक-ऋषभकांच्या ऐवजीं विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींच्या ऐवजीं आस्कंद आणि ऋद्धि-वृद्धींच्या ऐवजीं वाराहीकंद घ्यावा. म्हणजे आपल्याकडे थंडीच्या दिवसांत घरोघर होणाऱ्या च्यवनप्राशांतहि बहुधा मूळ अष्टवर्ग नसून त्याचे प्रतिनिधीच असतात. मंगोल वैद्याला आंवळा मिळाला नाहीं, आपल्याला जीवक-ऋषभक मिळाले नाहींत, दुःख एकच. फरक एवढाच कीं भावमिश्रानें प्रतिनिधीला प्रतिनिधि म्हटलें. त्याला मूळचें नांव देऊन गादीवर बसविलें नाहीं.

मंगोल पंडितहि याविषयीं बेसावध नव्हते. एकोणिसाव्या शतकांत जंबल दोर्जे या मंगोल वैद्यानें औषधिद्रव्यांचा एक सचित्र ग्रंथ रचला. त्याच्या नांवाचा अर्थ ‘सुंदर अद्भुत नेत्रालंकार’ असा कांहींसा होतो. त्यांत द्रव्यांचीं चित्रें असून नांवें तिबेटी, मंगोल, चिनी व मांचू अशा चार भाषांत दिलीं आहेत. नुसत्या नांवावर विसंबूं नये, डोळ्यांनीं पाहावें, हाच त्याचा मथितार्थ. हा ग्रंथ १९७१ साली दिल्लीस लोकेशचंद्र यांनीं छापून प्रसिद्ध केला.

कृति बदलण्याचीं कारणें निरनिराळीं असतात. कधीं वनस्पति उगवत नाहीं. कधीं व्यापाराची वाट बंद पडते. कधीं ती दुर्मिळ होऊन कायदा आड येतो : आपल्या हिमालयांतील कोष्ठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८५ पासून अत्यंत कडक नियमांनीं बांधलेला आहे. आणि कधीं परका देश कांहीं घटक पत्करत नाहीं. या साऱ्यांचें उदाहरण म्हणजे सैबेरियांतील बुर्यात मंगोलांचें एक औषध. सुल्तिम बद्मा नांवाचा बुर्यात वैद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट पीटर्सबर्गास गेला व त्यानें तेथें तिबेटी औषधांचें दुकान काढलें. त्याचा भाऊ प्योत्र यानें ‘चार तंत्रां’चें रशियन रूपांतर १८९८ साली प्रसिद्ध केलें. घराण्यांतील व्लादिमिर हा पुढें वॉर्सा येथें वैद्यकी करीत असे. तेथून कृति स्वित्झर्लंडांत गेल्या, आणि १९६९ साली झुरिक येथें त्यांसाठीं कंपनी निघाली. कंपनीचें नांव ‘पद्मा’. संस्कृत पद्म, बुर्यात बद्मा, रशियन बद्मायेव आणि पुन्हां पद्मा : कमळ जग फिरून घरीं आलें.

त्यांचें प्रसिद्ध औषध ‘पद्मा २८’. बद्मायेवांच्या यादींत तें अठ्ठाविसावें म्हणून हें नांव; द्रव्यें मात्र बावीस. त्यांत हिरडा, कडुनिंब, बेल, रक्तचंदन, चिकणा, कोष्ठ, ज्येष्ठमध, कापूर हीं आपलीं घरचीं मंडळी आहेत. आणि त्यांच्याच शेजारीं उत्तर युरोपांतील दगडफुलासारखें एक शेवाळ, आल्प्सकडील फुलें आणि अमेरिका खंडांतील मिरीसारखीं फळें. बचनागाचाहि अत्यल्प अंश होता. अमेरिकेसाठीं केलेल्या रूपांतून तो गाळला. या कृतींत किती बदल झाले असतील! पण घटक उघडपणें छापलेले आहेत, म्हणून काय बदललें तें पाहतां येतें.

जेथें असें पाहतां येत नाहीं तेथें काय होतें, तें बेल्जममध्यें दिसलें. ब्रुसेल्स येथें बारीक होण्यासाठीं एक चिनी वनस्पति देत असत. तिचें नांव फांग-ची. चिनी बाजारांत त्या नांवाच्या दोन वनस्पति आहेत. मागविली एक, आली दुसरी. ती आपल्या सापसंदाच्या कुळांतली. १९९३ साली हा प्रकार प्रसिद्ध झाला, आणि पुढें शंभराच्या आसपास रोग्यांचीं, त्यांत बहुतेक स्त्रियाच, मूत्रपिंडें बिघडल्याचें आढळलें. कित्येकींना दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून घ्यावें लागलें. त्या बिचाऱ्यांनीं नांव बरोबरच वाचलें असेल. आमच्या घरीं गुडघे दुखत राहिले एवढ्यावर निभावलें; त्यांच्या घरीं निभावलें नाहीं.

म्हणून माझ्या मूळ प्रश्नाचें उत्तर मला असें मिळालें. देशपरत्वें औषध बदलणें हा भ्रष्टाचार नव्हे. तो वैद्यकाचा प्राण आहे. जो वैद्य आपल्या डोंगरावरचें कडू शोधून त्याला बोद-तिग् म्हणतो, तो ग्रंथाशीं प्रामाणिक आहे. दोष आहे तो बदल लपविण्यांत. पूर्वीं बदल करणारा गुरु स्वतः चाखत असे, रोग्याजवळ बसत असे आणि शिष्याला कारण सांगत असे. आज पुडी हजार कोसांवरून येते. तिच्यावर नांव असतें, कारण नसतें.

आमच्याकडील जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी बायाबापड्या बाळहिरडा वेंचतात. त्यांना संस्कृत येत नाहीं. पण त्यांच्या हातून हिरड्याच्या टोपलींत दुसरें फळ पडावयाचें नाहीं. लेहचे आमची, उलानबातरचे वैद्य आणि या वेंचणाऱ्या बाया एकाच शाळेंत शिकल्या आहेत. मी मात्र दुसऱ्या शाळेंत शिकवीत होतों.

गृहिणींना माझी एवढीच विनंति आहे. औषधाची पुडी घरीं आली कीं वनस्पतीचें नांव, तिचें कोणतें अंग, आणि ती कोठून आली, हें वैद्यांस किंवा दुकानदारास विचारून पुडीवर लिहून ठेवावें. चव ओळखीची वाटली नाहीं तर वैद्यास दाखवावें. ‘ग्रंथांत असेंच आहे’ या उत्तरावर समाधान मानूं नये. परत आल्यावर मी आमच्या वैद्यांकडे जाऊन त्यांची रास्ना कोणती तें समजून घेऊन आलों. आतां तिचा डबा फळीवर आहे. त्यावर माझ्या अक्षरांत झाडाचें नांव, अंग आणि गांव लिहिलेलें आहे. डबा भरण्यापूर्वीं पान मात्र सौभाग्यवतीनें चाखलें.